सिद्धीचं वाचवलेलं वर्ष

येतील हो, येतील, बसा तुम्ही — सुनेचा फोन आला होता मघाशी, सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलेत मुलगा नि ती दोघं, आणि तिथं अडकलेला माणूस कधी सुटेल हे कुणी सांगावं, तुम्हाला काय नवीन आहे, तुम्हीही इथंच एचएसआरमध्ये राहता. पंख्याखाली बसा. पाणी देऊ? चहा येतो मला करता, पण ही नवी शेगडी — बोट लावलं की पेटते म्हणतात, माझ्या बोटाला पेटत नाही, कातडी राठ झाली ना, त्या काचेला माझं बोट आहे हेच कळत नाही. म्हणून पाणीच. घ्या, स्वल्प घ्या तरी. रविवारी क्लब हाउसमध्ये माझ्या मुलाच्या भाषणाला तुम्ही होता, नाही का? निळी साडी नेसून, मागच्या ओळीत, लिहून घेत होता सगळं. मी पुढं बसलो होतो — महांतेशनंच बसवलं, म्हणाला अप्पा, तुम्ही पुढं बसा, नातीचा फोटो येणार आहे पडद्यावर.

तुमचा मुलगा कितवीला? दहावी. निहार. छान आहे नाव. आणि तुम्ही मूळच्या पुण्याच्या, होय ना, बोलण्यावरनंच कळतं. आमचं मराठी तसं नाही ताई, आम्ही निपाणीकडचे, त्यात सारा जन्म इकडं आनेकलला गेला, अर्धं कन्नड अर्धं मराठी, सून तर कन्नडच — पण नात, सिद्धी, माझ्याशी मराठीच बोलते. अगदी निपाणीचं. तिकडं अमेरिकेला जाऊनही. गेल्याला महिनाच झाला म्हणा, नाहीतर थोडं जास्त. ऑगस्टात गेली.

थांबा हं — फोन वाजला का? नाही. तुमचा होता. सरी, सरी, बरं, घ्या, बोला तुम्ही. माझा हा इथंच ठेवलाय बघा, तोंड वर करून, म्हणजे उजेड पडला तरी दिसावा.

काय विचारत होता — हां, ती परीक्षा. मी काय सांगणार ताई, मी शाळेत गेलेलो नाही. पण ऐकून ऐकून मला समजलंय ते असं, की बारावीत असतानाच कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या विषयाची परीक्षा द्यायची, परीक्षा अमेरिकेची पण होते इथंच, मे महिन्यात — आणि चांगली गेली की तिकडचं कॉलेज म्हणतं, बरं, हा विषय तुझा झाला, ह्याचे क्रेडिट घे, पहिल्या वर्गात बसू नकोस, थेट दुसऱ्यात बस. असे बरेच विषय झाले की चार वर्षांची डिग्री तीन वर्षांत. एक वर्ष वाचलं, त्याचा खर्च वाचला. बरोबर ना? मी त्याला डबल प्रमोशन म्हणतो. आमच्या महांतेशला मिळालं होतं ना शाळेत, रविवारी सांगितलंच त्यानं सगळ्यांना — दुसरीतनं थेट चौथीत.

निकालाची गंमत सांगू? जुलैत निकाल आला, सून स्वयंपाकघरातनं ओरडत आली, पाच पडले, गणितात पाच, रसायनात पाच, सगळ्यांत पाच. आणि मी मनात म्हटलं, अरे देवा. पाच. शंभरात पाच. एवढे रात्रंदिवस डोळे घालवले पोरीनं आणि पाच. मी सुनेला बाजूला घेतलं, म्हटलं कावेरी, तिला काही बोलू नका हं, परदेशाची परीक्षा आहे, पाच तरी पडलेत. ती जी हसली — भिंतीला टेकून हसली. पाचातच पाच असतात म्हणे. अजून घरात काही चांगलं झालं की मला चिडवतात, अज्जा, पाच पडले.

हुशार आहे हो. माझी नात म्हणून नाही सांगत. तुमचा निहारही असेल, आणि परीक्षा त्यानं द्यावी, परीक्षेत काही वाईट नाही, मी तसं म्हणतच नाहीये — तुम्ही उगाच माझ्या तोंडाकडं असं बघू नका. महांतेश येईल, तो तुम्हाला नीट सांगेल, कुठला विषय कधी, कुठली शाळा बाहेरच्या मुलांना बसू देते. तो सगळं दाखवेल. मी नुसतं तो येईपर्यंत बोलतोय. घर गप्प असलं की मला — बरं नाही वाटत हल्ली.

म्हणजे काय झालंय, सकाळी मला सिद्धीचा फोन यायचा. रोज. मी इथं जवळच्या आगरा तळ्यावर फिरायला जातो, उजाडलं की, तेव्हा तिकडं रात्र सुरू झालेली असते, आणि ती लावायची. पहिल्यांदा तीच बोलायची, खोली अशी, जेवण असं, भाताला चव नाही. मग हळूहळू — एके दिवशी म्हणाली, अज्जा, तू बोल, मी नुसती ऐकते. मी म्हटलं काय बोलू? म्हणाली काय दिसतंय ते सांग. आता तळ्यावर काय दिसणार ताई, तेच ते. पण सांगायचो. तो गुडघ्यांसाठी उलटा चालणारा रेड्डी आला, आज झाडाला धडकता धडकता राहिला. नारळवाल्यानं पोतं सोडलं. ते लांब चोचीचे पक्षी बसलेत, एकाच दिशेला तोंड करून, ऑफिसच्या बसची वाट बघितल्यासारखे. आणि ती हसायची मंडळी असतात ना, गोल करून, हात वर करून हो हो हा हा करणारी, हसायचं काही नसताना हसतात — तिथं मी फोन धरून उभा राहायचो, म्हणजे ते ऐकून तिला हसू यायचं. यायचंच. मग एके सकाळी नाही आलं. ते हसत होते, मी फोन त्यांच्याकडं धरून उभा, आणि इकडं कानाला लावला तर नुसता श्वास. झोपली असेल म्हटलं. म्हटलं, सिद्धी? तर म्हणाली, आहे मी, बोल तू.

तुम्ही म्हणाल घरची आठवण येत असेल. मीही तेच म्हटलं. आठवणच आहे म्हटलं, जाईल. पण तसं नव्हतं ते. अं? नाही, तब्येत बरी आहे. म्हणजे असेल. ताई, मी हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही परीक्षेचं विचारायला आलाय.

बरं, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? क्लब हाउसमध्ये नको. महांतेशला तर नकोच.

तिला आवडत नाहीये तिथं. नाही, कॉलेज नाही — तो वर्ग. दुसरा वर्ग. ती मुलं सगळी एक वर्ष मोठी, गेल्या साली एकत्र शिकलेली, एकमेकांना ओळखणारी, प्रयोगाला दोघादोघांनी उभं राहायचं असतं म्हणे, तर जोड्या आधीच लागलेल्या, ही कुठल्या तरी जोडीत तिसरी. मास्तर बोलतात ते त्या मुलांना कळतं, कारण मागच्या वर्षी त्यांनीच शिकवलेलं असतं, ते म्हणतात आपण ते केलं होतं तसं — आणि हिनं तर केलेलं नाही, हिनं पुस्तकातनं केलंय, इथं बसून, ह्या टेबलावर. आणि हॉस्टेलात हिच्या वयाची पोरं, ती रात्री गोळा होऊन पहिल्या वर्गाचा अभ्यास करतात, दंगा करतात, खातात. हिचा तो विषय झालेला. ही तिथं बसून काय करणार? एकदा बसली, तर एकानं विचारलं, तू कशाला आलीस, तुझं तर झालंय. मस्करीत म्हणाला असेल तो. पण ही उठून खोलीत गेली.

मग चाचणी झाली पहिली. त्यात बरे नाही पडले. किती ते मी विचारलं नाही — मला काय, मला पाचही कमी वाटले होते. पण ती रडली नाही ताई. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिथं एक बाई असतात, मुलांना सल्ला देणाऱ्या, त्यांच्याकडं गेली. त्या चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, तुझे क्रेडिट तू सोडू शकतेस, कुणी जबरदस्ती केलेली नाही, पहिल्या वर्गात जागा आहे, जाऊन बस, कितीतरी मुलं असं करतात. नापास वगैरे काही नाही हे. फक्त शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांग, नंतर वर्ग बदलता येत नाही. एवढंच. पण ते सोडले की तीनाची परत चार वर्षं होतात.

मी म्हटलं, सोड की मग. मला वाटलं संपलं. तर म्हणाली, बाबा.

विमानतळावर काय झालं होतं, सांगतो. ती आत गेली, काचेच्या पलीकडं, आणि महांतेशनं इकडनं तिला तीन बोटं दाखवली — तीन वर्षं. तिनंही आतनं तीन बोटं दाखवली, हसत. सुनेनं फोटो काढला. तोच फोटो रविवारी पडद्यावर होता, बघितलात ना तुम्ही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता ती पोरगी म्हणते, मी बाबांना चार कसं सांगू. म्हणते, तू विचार, अज्जा. बाबा हो म्हणाले की मी लगेच सोडते. मी म्हटलं विचारतो. माझ्या तोंडातनं पटकन निघालं, विचारतो.

शुक्रवार म्हणजे उद्या.

नाही विचारलं. सकाळी नाश्त्याला बसलो, तोंड उघडलं, आणि म्हटलं मीठ दे. परवा गाडीत बनशंकरीला गेलो होतो, देवळात, लिंबाचे दिवे लावायला, सून पुढं गेली रांगेत, आम्ही दोघंच — म्हटलं आता. म्हटलं, महांतेश. तो म्हणाला काय अप्पा. मी म्हटलं, गाडी सावलीत लावायची होतीस.

तुम्ही हसलात. हसा. मलाही ऐकताना हसू येतंय.

तो रागीट नाही हो, तुमचा गैरसमज नको. आजवर माझ्यावर आवाज चढवला नाही त्यानं. तो गप्प होतो. गप्प होऊन लॅपटॉप उघडतो, आणि मग त्या घरात तुम्ही आहात की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेनासं होतं. आणि फार तर म्हणेल, अप्पा, तुम्हाला ह्यातलं कळत नाही. ते तर खरंच आहे. पण भीती त्याची नाही. भीती — तो विचारेल ना, तुम्हाला कुणी सांगितलं हे? मग मला सांगावं लागेल, की ती रोज मला फोन करते. तिला वाटतं बाबा कामात असतात. त्याला वाटतं ती अभ्यासात असते. तो आठवड्यातनं एकदा तिला फोन करतो, रविवारी, आणि ती त्याच्याशी एवढं छान बोलते ताई, मी शेजारी बसलेला असतो, मला वाटतं ही कुणी दुसरीच आहे. सगळं छान आहे बाबा. आणि तो फोन ठेवून मला म्हणतो, बघा अप्पा, रमली. आता मी त्या माणसाला कसं सांगू, की तुझी मुलगी तुझ्याशी खोटं बोलते आणि माझ्याशी खरं?

आणि त्याच्या दृष्टीनं मागं बसणं म्हणजे — आमच्या घरात ताई, वर चढलेला खाली येत नाही. भीमाचार्य मेष्टरनी त्याला दुसरीतनं चौथीत घातलं तेव्हा मी गल्लीत साखर वाटली होती. आम्हा नवरा-बायकोला काय कळत होतं, भागू म्हणाली पोरगं उडी मारून गेलं. मी तेव्हा दगड कापायच्या फॅक्टरीत राखणीला, गेटवरनं शाळेचं अंगण दिसायचं. दुपारी सुट्टी झाली की तिसरीची पोरं चिंचेखाली बसायची, चौथीची त्या बाजूला हौदाकडं. आणि हा मधल्या पायऱ्यांवर. डबा मांडीवर, झाकण न उघडलेलं. तिसरीवाले ह्याचे जुने सोबती, ते म्हणायचे तू आता मोठ्यांचा. मोठे म्हणायचे तू पिल्लू. मी गेटवरनं बघायचो. मला वाटायचं भूक नसेल. वर्षभर तो डबा तसाच यायचा घरी, आणि भागू म्हणायची, अभ्यासाच्या नादात जेवायचं विसरतो बघा. अजून त्याला तिसरीतले पाढे येत नाहीत, सांगू का — एवढा मोठा साहेब, पण टेबलाखाली बोटं मोजतो, मी बघितलंय. त्याला तरीही ती पायरी आठवत नाही. त्याला फक्त उडी आठवते. रविवारी तेवढीच सांगितली त्यानं.

उठू नका हो. येतीलच ते. मी — एक काम कराल का? माझा हा फोन घ्या. तिचा फोटो आहे बघा त्या गोलात, लाल टोपी घातलेली. काल सकाळी फोन आला नाही. आजही नाही. मी तळ्यावर फोन हातात धरून बसलो, उन्हं वर येईपर्यंत, ती हसरी मंडळीही घरी गेली. दुपारी मीच लावला, वाजतो, वाजतो आणि बंद होतो. माझ्या बोटाचंच काही चुकत असेल. तुम्ही लावा ना. तिकडं आता सकाळ असेल, वर्गात असेल ती, पण वाजू दे. त्या हिरव्यावर — हां. मोठ्यानं होतं ना ते? तसं ठेवा, टेबलावरच राहू दे.

वाजतोय.

सिद्धी? — अगं अज्जा बोलतोय. नाही, बाबा नाहीत, एक ताई आल्यात, त्यांनी लावून दिला. — वर्गात नाहीस? सकाळ ना तिकडं? — बरं. बरं, झोप मग. खाल्लंस काही? — काल? आणि रात्री? — बरं असू दे, रागवत नाही मी, नुसतं विचारलं. — नाही. नाही अजून. आज विचारतो, येईलच तो, आल्या आल्या — काय? — सिद्धी, ऐक, तसं नको म्हणूस. ऐक, मी — सिद्धी?

ठेवला.

ऐकलंत? काय म्हणाली ऐकलंत तुम्ही? राहू दे म्हणाली. राहू दे, अज्जा.

तुम्हाला साधं वाटेल. सगळेच म्हणतात राहू दे. पण ही पोरगी, हिनं जन्मात कधी काही राहू दिलेलं नाही. चार वर्षांची होती, मी गोष्ट सांगताना वाघाला झोपवलं तर मला उठवायला लावायची, म्हणायची झोपला तर मग पुढं काय, सांग. खेळात हरली तरी परत मांडायला लावायची. बापाशी वाद, आईशी वाद, माझ्याशी तर बोटाच्या नखावरनं वाद. ती राहू दे म्हणते. आणि आवाज कसा होता — सपाट. इस्त्री केल्यासारखा. परवापर्यंत निदान श्वास ऐकू येत होता.

तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा, ही भीती मला उगाच वाटते का? म्हातारा माणूस, उगाच काहीबाही मनात आणतो, असं आहे का? नाही ना. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं तुम्ही म्हणाल, काही नाही हो आजोबा, होतं असं, सगळ्याच मुलांचं होतं. तसं म्हणाला असतात तर मी आजही मीठच मागितलं असतं.

तिच्या आईला सांगू म्हणता? कावेरी लगेच रडेल, आणि ती रडली की महांतेश अजून गप्प होईल. नाही. त्यालाच. आणि आजच, तिकडं सकाळ आहे तोवर, म्हणजे तो लगेच तिला लावेल. तो हो म्हणाला तर. आणि नाही म्हणाला तर काय? नाही म्हणाला तर मी काय करणार आहे ताई, मला तर तो फोनही लावता येत नाही.

लिफ्ट आली. ह्या मजल्यावरच थांबली, त्याचीच पावलं ही, किल्ली शोधतोय. तुम्ही काही बोलू नका. म्हणजे, बोललात तरी — नाही, नकोच. तुम्ही निहारचं विचारायला आलात, तो तुम्हाला सांगेल बसवून, ते चार्ट, ते पाचाचे मार्क, तासभर सांगेल, छान सांगतो तो, आणि तोवर तिकडं —

ये महांतेश. कावेरी खाली थांबलीये? भाजी घेतेय, बरं. ह्या अंजलीताई, रविवारी होत्या ना, त्या. हो, मघाशीच आल्या, मी पाणी दिलं. नाही, बॅग उघडू नकोस. त्यांचं आज नाही. ताई, तुम्ही जा आता. वाईट वाटून घेऊ नका, घरी आलेल्या माणसाला जा म्हणायची आमच्यात रीत नाही, पण तुम्ही जा. मला माझ्या मुलाशी बोलायचंय. दार नुसतं ओढून घ्या, लागतं ते आपोआप.

बस. बूट राहू दे, बस आधी. काही नाही झालं मला, मी ठीक आहे, माझा हात सोड आणि ऐक. सिद्धीला पहिल्या वर्गात बसायचंय. चार वर्षं लागतील. हो म्हण.